काळ्या कवचातला सेन्ना

१ मे १९९४ रोजी दुपारी इटलीतल्या इमोला इथे फॉर्म्युला वनची एक निळी-पांढरी गाडी काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. चालक होता आयर्टन सेन्ना. तीन वेळचा जगज्जेता, ब्राझीलचा जीव की प्राण, वय ३४. आदळताना गाडीचा वेग ताशी २१० किलोमीटरच्या आसपास होता. इतक्या वेगात धडकलेल्या गाडीत माणसाच्या अंगाची काय दशा होत असेल, याची कल्पना आपल्याला वर्तमानपत्रातल्या अपघातांच्या छायाचित्रांवरून करता येते. पण सेन्नाच्या बाबतीत तसं झालं नव्हतं. त्याचे हातपाय, छाती, पाठ यांना म्हणावी अशी इजा नव्हती. तो ज्या काळ्या कवचात बसला होता, ते कवच जवळजवळ शाबूत होतं. घाव होता तो फक्त डोक्यावर. मागे रेटलं गेलेलं पुढचं उजवं चाक आणि त्याबरोबर आलेला सस्पेन्शनचा एक तुकडा त्याच्या शिरस्त्राणावर आले होते. तो तुकडा वीतभर इकडेतिकडे गेला असता, तर सेन्ना बहुधा आपल्या पायांनी चालत परतला असता.

मी मोटारशर्यतींचा फारसा शौकीन नाही. माझी नोकरी पदार्थांच्या ताकदीच्या प्रयोगशाळेत गेली. पोलादाच्या सळ्या यंत्रात धरून ओढायच्या, त्या कुठे तुटतात ते पाहायचं आणि मुलांकडून आलेख काढून घ्यायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा उद्योग. सेन्नाकडे मी वळलो तो या वाटेने. त्याचं आयुष्य वाचत गेलो तेव्हा जाणवलं, की त्याची कारकीर्द आणि त्या काळ्या कवचाची कारकीर्द जवळजवळ एकाच वयाची आहे. एकाची गोष्ट दुसऱ्याशिवाय नीट सांगता येत नाही.

कवच कार्बन फायबरचं. हा शब्द आता क्रिकेटच्या मैदानापासून सायकलच्या दुकानापर्यंत ऐकू येतो. पण तो धागा येतो कुठून, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आपल्या घरातले स्वस्त, धुवायला सोपे स्वेटर ज्या ॲक्रिलिकचे असतात, त्याच जातीचा धागा घ्यायचा, ताणून धरायचा आणि हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवायचा. बाकी सगळं उडून जातं आणि उरतो जवळजवळ शुद्ध कोळशाचा, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक तंतू. १९६० च्या दशकात जपानमध्ये आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात ही युक्ती साधली. या तंतूंचं कापड विणायचं, ते रेझिनमध्ये भिजवायचं, साच्यावर थरावर थर बसवायचे आणि दाबाच्या भट्टीत भाजायचं. निघतो तो पदार्थ वजनाला पोलादाच्या पाचव्या हिश्श्याइतका आणि तंतूंच्या दिशेने ओढलं तर पोलादाला मागे टाकणारा.

विमानवाल्यांनी तो उचलला. शर्यतीच्या गाडीचा अख्खा सांगाडा त्यातून करण्याचं धाडस केलं जॉन बर्नार्ड या इंग्रज अभियंत्याने, मॅक्लारेन संघासाठी, १९८१ साली. इंग्लंडमध्ये हे काम अंगावर घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा अमेरिकेत युटा राज्यातल्या, क्षेपणास्त्रांची कामं करणाऱ्या हर्क्युलिस कंपनीने ते केलं. जाणकारांनी माना हलवल्या. कोळशाची गाडी आदळली की काचेच्या बरणीसारखा तिचा चुरा होईल, असं बोललं जाई. त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीतल्या मोंझा इथे मॅक्लारेनचा चालक जॉन वॉटसन वळणावर घसरला आणि मागच्या बाजूने कठड्यावर आदळला. इंजिन तुटून वेगळं झालं, आगीचा लोळ उठला. वॉटसन मात्र खरचटल्याशिवाय बाहेर आला. चालक बसतो तो भाग, ज्याला शर्यतवाले सरळ टब म्हणतात, जसाच्या तसा होता. माना हलवणारे गप्प झाले आणि काही वर्षांत सगळ्याच संघांनी कोळशाचे टब करायला घेतले.

त्याच १९८१ साली तरुण आयर्टन ब्राझीलहून इंग्लंडला आला. घरचं उत्तम होतं. त्याचा जन्म २१ मार्च १९६० चा, साओ पावलोचा. वडील मिल्टन द सिल्वा यांचा व्यवसाय भरभराटीचा, जमीनजुमलाही होता. सेन्ना हे आईचं, नेइदेबाईंचं, माहेरचं नाव. द सिल्वा ब्राझीलमध्ये आपल्याकडच्या पाटलांइतके, म्हणून त्याने ते घेतलं. लहानपणी पोरगं धांदरट. चालताना पडायचं, जिना चढताना अडखळायचं. वडिलांनी चौथ्या वर्षी त्याला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलेली छोटी गाडी करून दिली आणि धांदरटपणा कुठल्या कुठे पळाला. तेराव्या वर्षी तो कार्टच्या शर्यतीत उतरला. पावसात आपली गाडी ताब्यात राहत नाही असं लक्षात आल्यावर, पाऊस पडला रे पडला की बाकीची मुलं घरात आणि हा कार्ट घेऊन बाहेर, असा क्रम त्याने कित्येक महिने चालवला. पुढे पाऊस म्हटलं की इतर चालकांच्या पोटात गोळा यायचा, तो या सरावामुळे.

इंग्लंडमधली पहिली वर्षं थंडीची, परक्या जेवणाची आणि मोडलेल्या संसाराची. नवी नवरी तिथे रमेना. लग्न लवकरच संपलं. मध्यंतरी वडिलांच्या धंद्यात बसायला तो ब्राझीलला परतलाही होता. पण जीव तिथे लागेना. १९८३ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचं विजेतेपद त्याने मिळवलं आणि १९८४ साली टोलमन या दुबळ्या संघातून फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकलं. मोनॅकोच्या धो धो पावसात या दुबळ्या गाडीने दुसरा क्रमांक काढला. शर्यत मध्येच थांबवली नसती तर पहिलाही आला असता, असं अजूनही म्हटलं जातं. पुढच्या वर्षी लोटस संघात, पोर्तुगालमधल्या एस्तोरिलला, पुन्हा पावसातच, पहिला विजय. १९८८ साली मॅक्लारेन. त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या, त्यातल्या आठ सेन्नाने. जगज्जेतेपद त्याचं.

बाकीचे विजय आणि विक्रम मी सांगत बसत नाही. १६१ शर्यती, ४१ विजय, ६५ वेळा सर्वांत पुढची जागा, एवढं पुरे. आपल्याला पाहायचं आहे, ती गाडी आदळते तेव्हा काय होतं ते.

पोलादाची मोटार आदळली की तिला पोचे पडतात. पातेलं खाली पडलं की पडतो तसा पोचा, फक्त मोठा. पत्रा वळतो, दुमडतो, आणि त्या दुमडण्यात धडकेची ताकद खर्ची पडते. मऊ पोलाद तुटण्याआधी वीस-पंचवीस टक्के ताणलं जातं. आमच्या यंत्रात सळी आधी लांबत जाई, मग तिची कंबर बारीक होई, मग ती तुटे. कार्बनचा तंतू दीड-दोन टक्के ताणला की खलास. तो वाकत नाही, पोचत नाही, आधी सूचना देत नाही. मग असला पदार्थ माणसाला वाचवतो कसा?

उत्तर मौजेचं आहे. कडुनिंबाची काडी दातांखाली चावत गेलो की तिचं टोक पिंजत जातं, कुंचला होतो. कार्बनची नळी किंवा नाक टोकाकडून चिरडलं गेलं, तर अगदी तसंच होतं. टोकाशी थर एकमेकांपासून सुटतात, तंतू बाहेर-आत पिंजारतात, मोडून त्यांची भुकटी होते, आणि ही मोडतोड टोकाकडून मागे सरकत राहते. लक्षावधी तंतू मोडायचे, थरांना एकमेकांपासून सोडवायचं, तर प्रत्येकाला थोडी थोडी शक्ती लागते. ती येते धडकेतून. किलोला किलो तोलून पाहिलं, तर नीट रचलेलं कार्बनचं नाक धातूच्या नाकाच्या दुप्पट-तिप्पट धक्का गिळतं. अट एकच, मोडणं टोकापासून आणि ओळीने सुरू झालं पाहिजे. म्हणून नाकाचं टोक मुद्दाम अंमळ कमजोर ठेवतात. धक्का आडवा बसला, किंवा थरांची मांडणी चुकली, तर पिंजणं राहतं बाजूला आणि सगळं एकदम फुटतं.

म्हणजे गाडीत दोन निरनिराळ्या वृत्तींचे भाग हवेत. पुढचं नाक मरण्यासाठी आणि मागचा टब न मरण्यासाठी. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे ८० पट जोर येतो. तीच एका मीटरमध्ये थांबली तर ४० पट. हा वाढीव अर्धा मीटर विकत घेण्याचं काम नाकाचं. वेग दुप्पट केला तर धक्का चौपट, हेही विसरायचं नाही. १९८५ पासून फॉर्म्युला वनमध्ये नाकाची धडक-चाचणी सक्तीची झाली.

आणखी एक खोड या पदार्थाची. किरकोळ ठोकर बसली तर वरून काहीच दिसत नाही. आत मात्र थर सुटलेले असतात. बाजारात मडकं घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसे शर्यतीचे कारागीर नाण्याने टब वाजवतात. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत काहीतरी बिघडलंय. आता ध्वनिलहरींची यंत्रं आली आहेत, तरी नाणं गेलेलं नाही.

सेन्नाच्या काळात या टबांनी एवढा विश्वास कमावला, की मृत्यूच हद्दपार झाल्यासारखं वाटू लागलं. १९८२ साली शर्यतीच्या दिवसांत दोन चालक गेले होते, १९८६ साली सरावात आणखी एक. त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली. भीषण अपघात व्हायचे, चाकं उडायची, आणि चालक धूळ झटकत उभा राहायचा. खुद्द सेन्ना १९९१ साली मेक्सिकोत गाडीसकट उलटा झाला आणि बाहेर येऊन पुन्हा गाडीत बसला.

याला अपवाद झाला स्पेनमधल्या हेरेथला, २८ सप्टेंबर १९९० रोजी. सरावात मार्टिन डॉनेली या उत्तर आयर्लंडच्या तरुणाची लोटस कठड्यावर आदळली. टबाची सहनशक्ती ओलांडली गेली आणि मग तो पोचला नाही, वाकला नाही. त्याच्या ठिकऱ्या झाल्या. डॉनेली आसनाला बांधलेल्या अवस्थेत उघड्या रस्त्यावर पडला होता. धातूचा टब निदान चुरगळून का होईना त्याच्याभोवती राहिला असता, असं मला वाटतं. सेन्ना त्या जागी गेला. डॉक्टर सिड वॉटकिन्स आणि त्यांचे सहकारी काय करतात, श्वासनलिका कशी मोकळी करतात, हे तो उभा राहून पाहत होता.  परतल्यावर तो गाडीत बसला, आणि त्याच हेरेथला त्याने कारकिर्दीतली पन्नासावी आघाडीची जागा पटकावली. डॉनेली वाचला, त्याची फॉर्म्युला वन मात्र संपली.

आणि आता जे सांगायचं आहे, ते सेन्नाच्या चाहत्यांना आवडणार नाही. या घटनेनंतर साडेतीन आठवडेही झाले नव्हते. २१ ऑक्टोबरला जपानमध्ये सुझुकाला त्याने पहिल्याच वळणावर ॲलन प्रॉस्टच्या गाडीवर आपली गाडी जाणूनबुजून घातली. आदल्या वर्षी याच मार्गावर या दोघांची टक्कर होऊन विजेतेपद प्रॉस्टकडे गेलं होतं, सेन्नाला बाद ठरवलं होतं; यंदाही आघाडीची जागा मिळूनही रस्त्याची वाईट बाजू आपल्या वाट्याला दिली, हा त्याचा राग. दोघे वाळूत गेले, दोघे चालत परतले, विजेतेपद सेन्नाचं झालं. वर्षभराने त्याने हे मुद्दाम केल्याचं उघडपणे मान्यही केलं. कोळशाचा टब कसा फुटतो, हे जगात सर्वांत जवळून ज्याने पाहिलं होतं, त्यानेच दोनशेहून अधिक वेगात दोन टबांची परीक्षा घेतली. मागे दोन डझन गाड्या येत होत्या. देवावर त्याची अपार श्रद्धा होती. बायबल तो बरोबर बाळगी. पण माझा अंदाज असा, की त्या क्षणी त्याचा भरवसा थोडा त्या काळ्या टबावरही होता. ॲल्युमिनियमच्या जमान्यात असा विचार करायला कुणी धजलं नसतं.

माणूस मात्र एका सुझुकात मावत नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे सरावात फ्रेंच चालक एरिक कोमास आदळून बेशुद्ध झाला. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर, इंजिन किंचाळतंय, आग कधीही लागेल. मागून येणाऱ्या सेन्नाने आपली गाडी थांबवली, चालू मार्गावरून तो धावत गेला, इंजिन बंद केलं आणि डॉक्टर येईपर्यंत कोमासचं डोकं हातांत धरून ठेवलं, मान हलू नये म्हणून. हे तो हेरेथला शिकला होता. वॉटकिन्सांना तो खोदून खोदून प्रश्न विचारी. दोघांची मैत्री जडली होती.

१९९४ साली तो विल्यम्स संघात आला. त्या वर्षी गाड्यांमधली संगणकाची मदत नियमाने काढून घेतली होती आणि नवी विल्यम्स बिथरलेल्या घोड्यासारखी चालत होती. पहिल्या दोन शर्यतींत सेन्नाला एकही गुण नाही. तिसरी इमोलाची.

शुक्रवारी त्याचा तरुण देशबांधव रुबेन्स बारिकेलो कठड्यावर उडाला, नाकावर निभावलं. शनिवारी ऑस्ट्रियाच्या रोलांड राट्झेनबर्गरच्या गाडीचा पुढचा पंख तीनशेच्या वेगात तुटला. भिंतीवर आदळताना शरीर पट्ट्यांनी थोपवलं, डोकं पुढे गेलं, कवटीच्या तळाचं हाड मोडलं. बारा वर्षांत शर्यतीच्या दिवसांत गेलेला हा पहिला चालक. टब कितीही मजबूत केला तरी मानेवर तोललेलं डोकं मोकळंच असतं, हे त्या दिवशी कळलं. सेन्ना पुन्हा अपघाताच्या जागी गेला. अधिकाऱ्यांनी त्याबद्दल त्याला जाब विचारला. वॉटकिन्सांनी त्याला हे सारं सोडून मासेमारीला चलण्याचा सल्ला दिला. त्याला ते शक्य वाटलं नाही. रविवारी सकाळी, जुनं वैर बाजूला ठेवून तो प्रॉस्टशी आणि इतर चालकांशी सुरक्षिततेसाठी संघटना पुन्हा उभी करण्याबद्दल बोलला. गाडीत त्याने ऑस्ट्रियाचा झेंडा ठेवला होता. जिंकल्यावर राट्झेनबर्गरसाठी फडकवायचा होता.

सुरुवातीलाच दोन गाड्यांची टक्कर झाली, मार्ग साफ होईपर्यंत सगळे सुरक्षा-गाडीमागे हळू फिरले. ती बाजूला झाली आणि सातव्या फेरीत, टांबुरेलो वळणावर, ताशी ३०० हून अधिक वेगात सेन्नाची गाडी सरळ गेली. त्याने ब्रेक दाबले होते. म्हणून भिंतीशी वेग २१० वर आला होता. काही मिनिटांनी, शर्यत थांबवलेली असताना, गोंधळात एक गाडी मार्गावर सोडली गेली आणि ती टांबुरेलोपाशी येऊन थांबली. आत एरिक कोमास होता. या वेळी डोकं धरून बसायला वॉटकिन्स स्वतः होते आणि त्यांना एका नजरेत सारं कळलं होतं. संध्याकाळी बोलोन्याच्या रुग्णालयात सेन्ना गेल्याचं जाहीर झालं. ब्राझीलने तीन दिवसांचा दुखवटा पाळला.

गाडी सरळ का गेली, यावर इटलीच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं खल झाला. सेन्नाला हात हलवायला जागा हवी म्हणून सुकाणूच्या पोलादी दांड्यात बदल केला होता. २००७ च्या निकालात न्यायालयाने या सदोष बदलाकडे बोट दाखवलं, पण मुदत टळल्याने शिक्षा कुणालाच झाली नाही. अभियंत्यांत अजूनही एकमत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरीच. त्या दिवशी कोळशाच्या टबाने आपलं काम केलं होतं. काम अपुरं होतं ते टबाच्या काठावरचं, जिथून डोकं बाहेर दिसतं तिथलं.

पुढची तीस वर्षं त्या काठावर आणि कडेने खर्च झाली. १९९५ साली टांबुरेलोचं वळण मोडून तिथे वेग कमी करणारी नागमोडी वाट आली. १९९६ साली टबाच्या कडा डोक्याशेजारी उंच झाल्या. १९९९ पासून चाकं सुटून उडू नयेत म्हणून त्यांना मजबूत दोरांनी बांधलं जाऊ लागलं. २००३ पासून डोकं पुढे जाऊ न देणारी खांद्यावरची चौकट सक्तीची झाली. राट्झेनबर्गरला ती हवी होती. २००७ पासून टबाच्या बाजूंना कार्बनबरोबर झायलॉन या चिवट धाग्याचे थर बसले, कारण कार्बन धक्का गिळतो पण टोकदार वस्तू त्यात घुसू शकते. त्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये पोलंडचा रॉबर्ट कुबिट्सा ताशी २३० च्या वेगात भिंतीवर गेला. गाडीचं पुढचं सगळं उडालं, बूट बाहेर दिसत होते, आणि तो एका शर्यतीची विश्रांती घेऊन परतला. २०१८ साली डोक्यावर टायटॅनियमची कमान आली. बघायला कुरूप म्हणून तिच्यावर पुष्कळ टीका झाली.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ च्या वेगाने लोखंडी कठडा फाडून आरपार गेली. गाडीचे दोन तुकडे झाले. मागचा अर्धा, इंजिनासकट, मार्गाच्या कडेला राहिला आणि पुढचा कठड्यात अडकून पेटला. कमानीने कठड्याच्या पट्ट्या डोक्यापासून दूर ठेवल्या होत्या. २८ सेकंदांनी ग्रोजाँ ज्वाळांतून स्वतः बाहेर चढून आला, हात भाजलेले, एक बूट आतच राहिलेला. तो जळका टब पुढे प्रदर्शनात मांडला गेला. चित्रात पाहिला तर रंग पार उडाला आहे, वरचं रेझिन जळून विणलेलं काळं कापड उघडं पडलं आहे, पण माणूस बसण्याची जागा अजून जागेवर आहे.